सलाईनच्या सेटपासून लेथसाठी कूलंट ड्रिपर: काय लागतं, कसं जोडायचं आणि कुठे थांबायचं

शहापूर किंवा मुरबाडच्या रस्त्यावरून जाताना एखाद्या गाळ्यात लेथ चालू दिसला, तर थोडं थांबून टर्नरच्या हातांकडे बघा. एका हाताने तो हँडव्हील फिरवत असतो. दुसऱ्या हातात ब्रश असतो आणि डब्यातलं दुधासारखं पांढरं कूलंट तो ब्रशने टूलवर मारत असतो. मोटरचा शाफ्ट, भात गिरणीचं बुश, पॉवर टिलरची पिन, अशी दुरुस्तीची कितीतरी कामं याच पद्धतीने होतात.

जुन्या किंवा छोट्या लेथवर कूलंट पंप बहुतेक वेळा नसतो, आणि असला तरी बंद पडलेला असतो. त्यामुळे ब्रश वापरला जातो. पण ब्रशचा हात फिरत्या चकपासून वीतभर अंतरावर येतो. ब्रशचे केस, शर्टाची बाही, हातातली चिंधी किंवा हातमोजा यातलं काहीही चकच्या जॉमध्ये अडकलं, तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. मशीनची मोटर माणसापेक्षा कितीतरी ताकदवान असते.

म्हणून आज आपण एक साधा जुगाड समजून घेणार आहोत. तो म्हणजे मेडिकलमध्ये मिळणाऱ्या सलाईनच्या नव्या सेटपासून बनवलेला कूलंट ड्रिपर. त्याला वीज लागत नाही, पंप लागत नाही आणि लाईट गेली तरी त्याचं काही बिघडत नाही. मात्र तो पंपाची जागा घेत नाही. तो कुठे पुरतो आणि कुठे पुरत नाही, हे बनवण्याआधीच माहीत असायला हवं. चला तर मग, पायरीपायरीने बघूया.

कूलंट नेमकं काय करतं?

लेथवर टूल जॉबमध्ये घुसतं तेव्हा धातू सोलला जातो आणि त्याची चिप निघते. या कामात खर्च होणारी जवळपास सगळी ताकद शेवटी उष्णतेत बदलते. त्यातला मोठा भाग चिपबरोबर निघून जातो आणि उरलेला टूल आणि जॉबमध्ये शिरतो. एचएसएस टूल साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतं. मग धार बसते आणि टूल पुन्हा ग्राइंडरवर न्यावं लागतं.

कूलंट इथे तीन कामं करतं:

१. उष्णता ओढून घेतं. या कामात पाणी तेलापेक्षा सरस आहे. तेवढंच तापमान वाढायला पाण्याला तेलाच्या साधारण दुप्पट उष्णता लागते.
२. टूल आणि चिप यांच्यामधलं घर्षण कमी करतं. हे काम तेलाचं.
३. बारीक चिप धारेपासून बाजूला ढकलतं आणि ताज्या कापलेल्या पृष्ठभागाला गंजापासून वाचवतं.

पाणी थंड करतं पण गंज आणतं, आणि तेल गंज थांबवतं पण थंड कमी करतं. म्हणून दोन्ही एकत्र करणारं सोल्युबल ऑइल वापरतात. ते पाण्यात मिसळलं की पांढरं होतं. इंडियन ऑइलचं सर्वोकट एस हे या प्रकारातलं आपल्याकडे ओळखीचं नाव.

हा विषय तसा जुना आहे. अमेरिकेतले इंजिनिअर फ्रेडरिक टेलर यांनी धातू कापण्यावर अनेक वर्षं प्रयोग केले आणि १९०६ मध्ये ते निष्कर्ष मांडले. टूल जिथे चिप उचलतं, बरोबर तिथेच पाण्याची जोरदार धार सोडली, तर कटिंगचा वेग ३० ते ४० टक्के वाढवता येतो, असं त्यांना दिसलं. त्यांची धार मोठी होती, आपले थेंब आहेत, त्यामुळे तेवढा फायदा आपल्याला मिळणार नाही. पण जागेचा धडा आपल्याही कामाचा आहे. कूलंट योग्य ठिकाणी पडलं पाहिजे. ब्रशने मारलेलं बरंचसं कूलंट जॉबवर आणि ऑपरेटरच्या शर्टावर जातं, आणि दोन फटक्यांच्या मध्ये टूल कोरडंच राहतं.

थेंबांचं गणित: किती पुरेल?

सलाईनच्या साध्या सेटच्या पाकिटावर बहुधा लिहिलेलं असतं की २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर. म्हणजे मिनिटाला ६० थेंब सोडले तर:

- मिनिटाला ३ मिलिलिटर
- तासाला १८० मिलिलिटर
- १ लिटरची बाटली साधारण साडेपाच तास

लहान मुलांसाठी वेगळा सेट असतो. त्यात ६० थेंबांचा १ मिलिलिटर होतो. तो आपल्या कामाचा नाही, म्हणून घेताना पाकीट वाचा.

आता उष्णतेकडे वळू. ३ मिलिलिटर पाणी तापून त्याची पूर्ण वाफ झाली, तर ते मिनिटाला सुमारे साडेसात किलोज्यूल उष्णता नेतं, म्हणजे अंदाजे १२५ वॅट. ही झाली कमाल मर्यादा. प्रत्यक्षात सगळ्या थेंबांची वाफ होत नाही, त्यामुळे आकडा कमीच येतो.

समजा माइल्ड स्टीलच्या जॉबवर तुम्ही १ मिलिमीटर खोल कट घेताय, फीड ०.१ मिलिमीटर आहे आणि कटिंगचा वेग मिनिटाला ३० मीटर. या कटमध्ये मिनिटाला ३ घन सेंटिमीटर धातू निघतो आणि साधारण १२५ ते १५० वॅट उष्णता तयार होते. तिच्यातला मोठा भाग चिप नेतेच. म्हणजे थेंब इथे बऱ्यापैकी पुरतात.

आता कट २ मिलिमीटर आणि फीड ०.२५ केला तर? निघणारा धातू पाचपट झाला आणि उष्णता ६०० वॅटच्या वर गेली. इथे ६० थेंब म्हणजे दर्यामे खसखस. मोठ्या रफिंगसाठी धारच लागते.

सरळ नियम लक्षात ठेवा: हलका कट, फिनिशिंग, आटे पाडणं आणि छोटे जॉब यासाठी ड्रिपर. जड रफिंगसाठी पंप, नाहीतर वेग आणि कट कमी.

सामान काय लागेल?

- सलाईनचा नवा सेट. वापरलेला कधीच घेऊ नका. तो दवाखान्याचा जैविक कचरा असतो आणि त्यातून संसर्ग होऊ शकतो.
- एक थ्री-वे. सलाईनच्या नळीला लावायची ही छोटी तीन तोंडांची चावी मेडिकलमध्येच मिळते.
- जाड प्लास्टिकची १ लिटरची बाटली, घट्ट झाकणाची.
- नळीत घट्ट बसेल अशी बारीक तांब्याची नळी, वीतभर. फ्रिज दुरुस्तीवाल्याकडे तुकडा मिळून जातो.
- उभी सळई किंवा चौकोनी पाइप, साधारण ७० ते ८० सेंटिमीटर.
- सळई बसवायला क्लॅम्प, किंवा मॅग्नेटिक बेस.
- केबल टाय, एम-सील, बारीक सुती कापड.
- जाड मार्कर आणि लेबलसाठी चिकटपट्टी.

थ्री-वे कशाला, असं वाटेल. सेटवर फिरवायचा रोलर असतोच. पण जॉब बदलताना दरवेळी रोलर बंद केला की थेंबांची सेटिंग हलते. रोलर एकदा लावून तसाच ठेवायचा आणि चालू-बंद थ्री-वेने करायचं.

कसं जोडायचं?

पायरी १: बाटली. झाकणाला सेटच्या टोकदार भागापेक्षा किंचित लहान भोक पाडा आणि टोक दाबून बसवा. बाहेरून एम-सील लावा आणि पूर्ण सुकू द्या. बाटली उलटी टांगायची आहे, म्हणून तिच्या बुडाला, जे आता वर येईल, हवेसाठी एक बारीक भोक पाडा. त्यावर सुती कापड बांधा, म्हणजे धूळ आत जाणार नाही. हवेचं भोक नसेल तर थोडे थेंब पडून बाटली आत चेपते आणि थेंब थांबतात.

पायरी २: स्टँड. स्टँड लेथच्या कॅरेजवर बसवा, हेडस्टॉकवर नाही. कॅरेज टूलबरोबर सरकतं, त्यामुळे थेंब कायम टूलवरच राहतात. सळई कॅरेजच्या मागच्या बाजूला, ऑपरेटरच्या विरुद्ध दिशेला उभी करा. कॅरेज दोन्ही टोकांपर्यंत हाताने सरकवून बघा. सळई चकला, टेलस्टॉकला किंवा भिंतीला लागता कामा नये.

पायरी ३: उंची. बाटली जितकी वर, तितके थेंब एकसारखे. कारण सोपं आहे. प्रवाह पाण्याच्या पातळीच्या उंचीवर अवलंबून असतो. पातळी नोझलपासून ३० सेंटिमीटरवर असेल आणि बाटली रिकामी होताना ती १० वर आली, तर प्रवाह जवळपास एक तृतीयांश उरतो. तीच पातळी ८० वरून ६० वर आली तर प्रवाह तीन चतुर्थांश राहतो. शेताला पाणी देताना टाकी उंचावर का ठेवतात, हे ज्याने पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको.

पायरी ४: नळी. प्लास्टिकची नळी टेलस्टॉकच्या बाजूने खाली आणा, चकच्या बाजूने कधीही नाही. दर वीतभर अंतरावर केबल टायने सळईला बांधा. लोंबकळणारा एकही वेढा ठेवू नका. सैल नळी चकमध्ये गुंडाळली गेली तर बाटलीसकट सगळा स्टँड ओढला जातो. हात वाचवायला बनवलेल्या वस्तूने नवा धोका आणला तर काय उपयोग!

पायरी ५: नोझल. नळीच्या खालच्या टोकाला आधी थ्री-वे आणि त्याच्या पुढे नळीचा छोटा तुकडा जोडा. या तुकड्याचं टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करा आणि तांब्याची नळी आत सरकवा. शेवटची वीतभर नळी तांब्याचीच हवी, कारण लाल-निळी तापलेली चिप प्लास्टिकवर पडली की ते वितळतं. तांब्याचं टोक कापल्यावर आतली धार बारीक कानसने साफ करा. नळी वाकवताना चेपू देऊ नका. ती टूल पोस्टला पक्की बांधा.

पायरी ६: निशाणा. मशीन बंद असताना नोझल असं लावा की थेंब टूलच्या टोकावर, जिथे चिप सुटते तिथे वरून पडेल. चकचे जॉ पूर्ण बाहेर आलेले असताना हाताने चक एक फेरा फिरवून बघा. नोझल आणि जॉ यांच्यात बोटभर तरी मोकळी जागा राहिली पाहिजे.

पायरी ७: थेंब. सेटमधली छोटी पारदर्शक नळकांडी दाबून अर्धी भरा. आता थ्री-वे उघडा आणि रोलर हळूहळू सोडा.

मोबाईल इथे कामाला येतो

थेंब मोजायला महागडं साधन नको. मोबाईलमध्ये १५ सेकंदांचा टायमर लावा आणि नळकांडीत पडणारे थेंब मोजा. आकड्याला ४ ने गुणा. १५ थेंब आले म्हणजे मिनिटाला ६०.

मात्र २० थेंबांचा हिशोब सलाईनसाठी आहे. सोल्युबल ऑइलच्या पाण्याचा थेंब जरा लहान पडतो. म्हणून एकदा नीट मोजून घ्या: नोझलखाली औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण धरा, मशीन बंद ठेवून ५ मिनिटं थेंब पडू द्या आणि किती मिलिलिटर जमलं ते बघा. त्या झाकणाचा वापर नंतर औषधासाठी करू नका.

निशाणा तपासायला स्लो-मोशन व्हिडिओ उत्तम. मोबाईल टेलस्टॉकच्या बाजूला, हातभर लांब स्टँडवर ठेवा, रेकॉर्डिंग चालू करा आणि मग मशीन सुरू करा. थेंब टूलच्या टोकावर पडतोय की जॉबवर आपटून उडतोय, हे व्हिडिओत लगेच कळतं. जॉबचा वेग जास्त असेल तर थेंब बाहेर फेकला जातो. अशा वेळी नोझल आणखी जवळ आणि टूलच्या मागच्या बाजूला सरकवा.

एक गोष्ट पक्की: मशीन चालू असताना मोबाईल हातात नको. व्हिडिओ मशीन थांबल्यावर बघा.

मिश्रण कसं बनवायचं?

आधी पाणी, मग तेल. हा क्रम उलटा केला, म्हणजे तेलात पाणी ओतलं, तर घट्ट गोळ्यांसारखं मिश्रण होतं आणि ते सलाईनच्या नळीत लगेच अडकतं. बादलीत पाणी घ्या, तेल बारीक धारेने सोडा आणि ढवळत राहा.

साध्या टर्निंगसाठी २० भाग पाण्याला १ भाग तेल हे नेहमीचं प्रमाण. १ लिटर पाण्याला ५० मिलिलिटर तेल. तरीही तुमच्या डब्यावर वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच पाळा. फार पातळ केलं तर जॉब आणि लेथचा बेड गंजतो. फार घट्ट केलं तर पैसे वाया जातात आणि धूर जास्त होतो.

पाणी कोणतं? बोअरिंगचं पाणी जड असेल तर वर साय धरते आणि तेल सुटं होतं. आपल्या भागात पावसाळ्यात पाण्याला तोटा नसतो. कौलावरून पहिला पाऊस धुऊन गेल्यावर स्वच्छ पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी मऊ असतं आणि यासाठी चांगलं चालतं. वापरण्याआधी दुहेरी सुती कापडातून गाळा.

एका वेळी दोन-तीन दिवसांपुरतंच मिश्रण बनवा. जुनं झालं की त्यात जंतू वाढतात आणि कुजका वास येतो. वास आलेलं कूलंट त्वचेलाही त्रास देतं. काम झाल्यावर साबणाने हात धुवा.

आणि सर्वात महत्त्वाचं: हे मिश्रण हुबेहूब दूध किंवा ताकासारखं दिसतं. पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलं तर तहानलेला माणूस किंवा लहान मूल ते पिऊ शकतं. बाटलीवरचं जुनं लेबल काढा आणि मोठ्या अक्षरात लिहा: "कूलंट, विष, पिऊ नये". वाचता न येणाऱ्यांसाठी कवटीचं चित्र काढा. उरलेलं मिश्रण कुलपात ठेवा.

कोणत्या धातूला किती?

- माइल्ड स्टील: सोल्युबल ऑइल, ४० ते ६० थेंबांपासून सुरुवात. चिप पांढरी किंवा फिकट पिवळी असेल तर ठीक. एचएसएस टूलवर चिप निळी पडू लागली तर आधी वेग कमी करा, मग थेंब वाढवा.
- बीड म्हणजे कास्ट आयर्न: कोरडंच कापा. त्यातलं ग्रॅफाइट स्वतःच वंगणाचं काम करतं. कूलंट टाकलं तर काळ्या भुशाचा चिखल होतो आणि तो बेडच्या सरकत्या भागात जाऊन घासतो.
- पितळ: बहुतेक कामात कोरडं चालतं.
- ॲल्युमिनियम: सोल्युबल ऑइलचे थेंब चांगले. धातू टूलला चिकटतो तो कमी होतो. काही जण रॉकेल वापरतात, पण ते पेट घेऊ शकतं. ड्रिपरमध्ये रॉकेल अजिबात भरू नका.
- मॅग्नेशियमचे भाग: पाणी असलेलं काहीही वापरू नका. पेटलेल्या मॅग्नेशियमच्या चिपवर पाणी पडलं तर आग भडकते. काही गाड्यांचे हलके कास्टिंग या धातूचे असतात. खात्री नसेल तर काम घेऊ नका.

आता टिप टूलबद्दल. कार्बाइड टिप असलेलं टूल एचएसएसपेक्षा खूप जास्त उष्णता सहन करतं. पण ती टिप लालबुंद तापलेली असताना तिच्यावर अधूनमधून गार थेंब पडले, तर क्षणात तापणं आणि क्षणात गार होणं सुरू होतं आणि टिपला बारीक तडे जातात. गरम काचेच्या ग्लासावर गार पाणी ओतल्यासारखंच. म्हणून टिप टूलला एक तर सलग मोठी धार द्या, नाहीतर कोरडं चालवा. आपला ड्रिपर एचएसएस टूलसाठी आहे.

वेग किती ठेवायचा याचं सूत्रही लिहून ठेवा. एचएसएस टूलने माइल्ड स्टील कापताना मिनिटाला ३० मीटर धरून:

आरपीएम = (३० × १०००) ÷ (३.१४ × जॉबचा व्यास मिलिमीटरमध्ये)

२५ मिलिमीटरच्या शाफ्टला हे सुमारे ३८० येतं, ४० मिलिमीटरला सुमारे २४०. मशीनवर नेमका तो वेग नसेल तर त्याच्या खालचा निवडा.

सांडलेलं कूलंट जातं कुठे?

पंप असलेल्या मशीनमध्ये कूलंट टाकीत परत येतं. आपल्या ड्रिपरमध्ये ते एकदाच वापरलं जातं आणि ट्रेमध्ये साचतं. तासाला १८० मिलिलिटर म्हणजे दिवसाचे ८ तास सलग चालवलं तर जवळपास दीड लिटर. महिन्याचे २५ दिवस धरले तर ३६ लिटर, आणि त्यात पावणेदोन लिटरच्या आसपास तेल. प्रत्यक्षात मशीन सलग चालत नाही, त्यामुळे आकडा कमी येईल. पण एवढं तेल गाळ्यामागच्या नाल्यात जाऊ द्यायचं का, हा प्रश्न उरतोच.

शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा ही धरणं आहेत. शहापूर भागातले अनेक ओहोळ भातसा नदीला मिळतात आणि त्याच नदीतून पुढे पिसे इथे मुंबईसाठी पाणी उचललं जातं. मुरबाड तालुक्यातली काळू नदी पुढे उल्हास नदीला जाऊन मिळते. दुसरीकडे, याच दोन तालुक्यांतल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते आणि बायका लांबच्या विहिरीवर हंडे घेऊन जातात. नाल्यात ओतलेलं तेलकट पाणी मुंबईला पोचायच्या कितीतरी आधी आपल्याच विहिरीजवळ झिरपतं.

म्हणून एवढं करा:

१. लेथखाली ट्रे ठेवा आणि त्यात जाळी बसवा. चिप वर राहतील, पाणी खाली जमेल.
२. जमलेलं पाणी कापडातून गाळून हॅकसॉने कापताना पुन्हा वापरा. ड्रिपरमध्ये ते परत भरू नका, नळी अडकते.
३. सांडलेल्या जागी लाकडाचा भुसा टाका आणि तो वेगळ्या डब्यात गोळा करा.
४. निकामी कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये साठवा. २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या यादीत वापरलेलं तेल आणि तेलकट अवशेष येतात. ते अधिकृत गोळा करणाऱ्यालाच द्यायचे असतात. मुरबाड एमआयडीसी किंवा आसनगाव परिसरातल्या एखाद्या मोठ्या कारखान्यात विचारा, त्यांचं तेल कोण नेतं. त्याच माणसाशी बोलून चार-पाच छोट्या गाळ्यांचा माल एकत्र देता येईल का ते बघा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

थेंब मध्येच बंद का होतात?
तीन जागा तपासा: बाटलीचं हवेचं भोक, नळकांडीतली जाळी आणि नोझलचं टोक. यापैकी कुठेतरी कचरा अडकलेला असतो. कोमट पाण्याने धुवा.

नळी कडक झाली, चालेल का?
नाही. तेलामुळे प्लास्टिक हळूहळू कडक होतं आणि जोडापाशी तडकतं. सेट स्वस्त आहे, बदलून टाका.

यात घट्ट कटिंग ऑइल भरता येईल?
सलाईनची नळी बारीक असते आणि घट्ट तेल तिच्यातून नीट उतरत नाही. त्यासाठी चावी असलेली जाड नळीची तेलाची कुपी वेगळी मिळते.

रात्री तसंच ठेवलं तर?
थ्री-वे बंद करायला विसरलात तर सकाळी बाटली रिकामी आणि ट्रे भरलेला मिळेल. गाळा बंद करायच्या वेळेचा रोजचा अलार्म मोबाईलमध्ये लावा: थ्री-वे बंद, मेन स्विच बंद, बेड पुसून तेलाचा हात.

आयटीआयमध्ये शिकत असताना हे बनवलं तर चालेल?
शहापूर आणि मुरबाड, दोन्हीकडे शासकीय आयटीआय आहेत. तिथे शिकत असाल तर आधी निदेशक सरांना दाखवा आणि त्यांच्यासमोरच मशीनवर बसवा. संस्थेच्या मशीनवर परवानगीशिवाय काहीही लावू नका.

ड्रिपर बसवला की हात पूर्ण मोकळे झाले का?
ब्रश गेला, पण बाकीचे नियम तसेच राहतात. चष्मा हवाच. बाही दुमडलेली, हातमोजा नाही, गळ्यात रुमाल नाही. लांब चिप हाताने ओढायची नाही, मशीन थांबवून हुकाने काढायची. नोझल हलवायचं असेल तरी आधी मशीन थांबवा.

थोडक्यात

एक सलाईनचा सेट, एक बाटली आणि वीतभर तांब्याची नळी. एवढ्यात कूलंट योग्य जागी, एकसारखं आणि हात चकजवळ न नेता पडतं. हलक्या कामाला ते पुरतं, जड कामाला पुरत नाही आणि टिप टूलला चालत नाही. बाटलीवर लेबल आणि मशीनखाली ट्रे, या दोन गोष्टी झाल्याशिवाय ड्रिपर पूर्ण झाला असं समजू नका.

तुमच्या ओळखीत कुणाचा लेथ असेल आणि तो अजून ब्रशच वापरत असेल, तर हा लेख त्याला नक्की पाठवा. आणि तुमच्या मशीनवर किती थेंबांना कोणता जॉब चांगला निघाला, ते गाळ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा. पुढच्या वेळी तोच तक्ता सगळ्यात जास्त कामाला येईल.